इब्न खलदून : विद्यार्थ्याचे मन जाणणारा उस्ताद

आपल्या मुलाला उस्तादांच्या स्वाधीन करताना, याची चमडी तुमची, हाडे तेवढी आमची, असे सांगण्याची रीत एकेकाळी समाजात रूढ होती. मारल्याशिवाय विद्या येत नाही, ही समजूत अजूनही पुरती गेलेली नाही. परंतु सुमारे साडेसहाशे वर्षांपूर्वीच एका थोर मुस्लिम विद्वानाने ती खोडून काढली होती. त्यांचे नाव इब्न खलदून.

त्यांचा जन्म इ. स. १३३२ मध्ये ट्यूनिस शहरी झाला. घराणे मूळचे अरबस्तानातील हद्रमौतचे. पुढे स्पेनमधील सेव्हिल येथे नांदून ते ट्यूनिसला आले होते. वडील विद्याव्यासंगी असल्यामुळे कुराणशरीफ, हदीस, फिक्ह व अरबी व्याकरण यांचे उत्तम शिक्षण त्यांना मिळाले. मात्र १३४८-४९ च्या प्लेगच्या साथीने आईवडील आणि अनेक उस्ताद हिरावून नेले. त्या वेळी ते जेमतेम सतरा वर्षांचे होते.

पुढील पंचवीस वर्षे राजदरबारात गेली. फेझ, ग्रॅनाडा येथे मानाची पदे लाभली, तसाच फेझ येथे सुमारे एकवीस महिन्यांचा तुरुंगवासही घडला. अखेर १३७५ मध्ये दरबाराकडे पाठ फिरवून ते आजच्या अल्जीरियातील कलअत इब्न सलामा या किल्ल्यात जाऊन राहिले. तेथे १३७७ मध्ये अवघ्या पाच महिन्यांत त्यांनी ‘मुकद्दिमा’ हा जगप्रसिद्ध ग्रंथ सिद्ध केला. इतिहास आणि समाज यांच्या या मीमांसेत शिक्षणालाही मोठे स्थान आहे.

मानसशास्त्र हे नावही जेव्हा रूढ नव्हते, तेव्हा इब्न खलदून यांनी विद्यार्थ्याच्या मनाचा विचार केला. त्यांच्या मते, सक्तीने वाढलेल्या मुलाचे मन आक्रसते, उत्साह मावळतो आणि शिक्षा चुकविण्यासाठी ते खोटे बोलू लागते. हळूहळू हे कपट त्याच्या अंगवळणी पडते आणि स्वाभिमान नाहीसा होतो. म्हणजे छडीने विद्या तर येत नाहीच, उलट चारित्र्य मात्र बिघडते.

शिकविण्याची रीतही त्यांनी सांगितली. प्रथम विषयाची ढोबळ ओळख करून द्यावी. दुसऱ्या फेरीत तपशील व मतभेद समजावावेत. तिसऱ्या फेरीत एकही अडचण शिल्लक ठेवू नये. आरंभीच कठीण भाग पुढे टाकला, तर मुलाला दोष शिकविण्यात नसून विषयातच आहे असे वाटते आणि ते विद्येपासून दूर पळते. दोन विषय एकाच वेळी शिकवू नयेत, असेही त्यांचे मत होते.

केवळ पाठांतरावर त्यांचा विश्वास नव्हता. मोरोक्कोत मदरशातील शिक्षणाला सोळा वर्षे लागत, ट्यूनिसमध्ये पाच. तेथील विद्यार्थी वर्गात मुके बसत, चर्चा करीत नसत, हे त्यांनी यामागचे कारण दिले. जीभ मोकळी झाली की बुद्धी मोकळी होते, हा त्यांचा अनुभव होता.

पुढे ते कैरोला गेले. अल-अझहरमध्ये त्यांनी अध्यापन केले आणि १३८४ मध्ये मालिकी पंथाचे मुख्य काझी झाले. याच सुमारास ट्यूनिसहून येणारे त्यांचे कुटुंब जहाज फुटून समुद्रात बुडाले. एवढा आघात सोसूनही त्यांनी अध्ययन-अध्यापन सोडले नाही. लाचखोरीविरुद्ध काझी म्हणून ते अत्यंत कठोर होते. परंतु हा कठोरपणा मुलांवर चालवावा असे त्यांना कधी वाटले नाही. १४०६ मध्ये कैरो येथेच त्यांचे निधन झाले.

आपल्या देशात २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मुलांना मारण्यास आणि मानसिक छळ करण्यास मनाई केली आहे. परंतु कायदा हात अडवू शकतो, मने जोडू शकत नाही. ते काम शिक्षकांचे आणि पालकांचे आहे. आपले मूल वर्गात प्रश्न विचारते का, चूक झाली तर घरी निर्भयपणे सांगते का, हे प्रत्येक मातापित्याने पाहावे. आणि विद्यार्थी मित्रांनो, समजले नाही तर हात वर करा. त्यात कमीपणा नाही.