महादजी शिंदे आणि दहा रुपयांची बंदूक

सेलूच्या माझ्या चुलत भावाने गेल्या वर्षी पगार साठवून महागडा फोन घेतला. चार महिन्यांत डिस्प्ले फुटला. परभणी जिल्ह्यात त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर नाही, पार्ट यायला दीड महिना लागला आणि तोवर भाऊ आमच्या काकूंचा जुना बजेट फोन वापरत होता. तेव्हापासून तो मला सारखा विचारतो, की स्वस्त घ्यावं की महाग. मी त्याला उत्तर म्हणून महादजी शिंदेंची गोष्ट सांगतो. तो वैतागतो, पण ऐकतो.

महादजी म्हणजे सातारा जिल्ह्यातल्या कण्हेरखेडच्या राणोजी शिंदेंचे धाकटे चिरंजीव. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर त्यांच्या पायाला असा घाव बसला की आयुष्यभर लंगडत चालावं लागलं. राणेखान नावाच्या भिश्त्याने त्यांना रणांगणातून वाचवलं, आणि पुढे महादजींनी त्याला भाऊ मानलं. घरातले दत्ताजी, जनकोजी, तुकोजी याच उत्तरेच्या मोहिमेत गेले. शिंद्यांची सरदारी १७६८ साली महादजींकडे आली. १७७२ मध्ये मराठ्यांनी बादशहा शाहआलमला दिल्लीत परत बसवलं, १७८२ मध्ये इंग्रजांशी सालबाईचा तह झाला. दोन्हींत महादजी पुढे होते. पण आपला विषय त्यांचं राजकारण नाही, त्यांचं हार्डवेअर आहे.

त्या काळी आपल्याकडचा बजेट ऑप्शन म्हणजे तोड्याची बंदूक. जळती दोरी दारूला टेकवायची, बार उडायचा. गावचा लोहारही ती दुरुस्त करायचा. नळी लांब असल्याने तिचा पल्ला बऱ्याचदा युरोपियन बंदुकीपेक्षा जास्त असायचा, म्हणजे एका स्पेकमध्ये स्वस्त माल चक्क पुढे! अडचण दुसरीकडे होती. पावसात दोरी विझायची, दारूजवळ सतत विस्तव असायचा आणि भरायला वेळ लागायचा. शिवाय जवळपास प्रत्येक बंदुकीची नळी वेगळ्या मापाची. ज्याचा त्याचा साचा, ज्याने त्याने शिसं ओतून आपापल्या गोळ्या पाडायच्या. शेजाऱ्याची गोळी तुमच्या नळीत बसेलच असं नाही. प्रत्येक फोनला वेगळ्या पिनचा चार्जर लागायचा ना, तसंच.

प्रीमियम ऑप्शन म्हणजे विलायती चकमकीची बंदूक. चाप ओढला की गारगोटी पोलादावर आपटते आणि ठिणगी पडते. पण खरी गंमत बंदुकीत नव्हती, काडतुसात होती. कागदाच्या पुंगळीत मोजून भरलेली दारू आणि एक गोळी. शिपायाने कागद दाताने फाडायचा, चिमूटभर दारू बाजूच्या खोबणीत, उरलेली नळीत, वरून गोळी आणि कागद गजाने ठासायचे. कवायत झालेला शिपाई मिनिटाला दोन-तीन बार काढायचा. गोळी मुद्दामच नळीपेक्षा किंचित बारीक ठेवायचे, म्हणजे ती झटकन आत जावी. त्यात नेम बिघडायचा, पण शेकडो जण एकदम बार काढत असतील तर एकट्याच्या नेमाला कोण विचारतो?

१७८४ मध्ये महादजींनी सव्हॉय प्रांतातल्या डी बॉयन नावाच्या अधिकाऱ्याला नोकरीत घेतलं आणि दोन पलटणी उभ्या करायला सांगितल्या. विलायती बंदुका समुद्रापलीकडून मागवत बसलं तर पुरवठ्याची नाडी इंग्रजांच्या हातात जाणार होती. म्हणून आग्र्याला कारखाना उभा राहिला. सँगस्टर नावाचा स्कॉटिश माणूस तिथे तोफा ओतायचा आणि युरोपियन नमुन्यावर बंदुका बनवायचा. एका बंदुकीचा खर्च साधारण दहा रुपये आल्याची नोंद आहे. मला वाटतं, किमतीपेक्षा मोठी गोष्ट ही की एकाच कारखान्यातून एकाच नमुन्याचा माल निघाला, तर कुणाचंही काडतूस कुणालाही देता येतं.

१७८७ मध्ये लालसोटला मात्र महादजींचे हाल झाले होते. मोगलांकडून त्यांच्याकडे आलेल्या पलटणींचा पगार थकला होता. त्या तोफांसकट शत्रूला जाऊन मिळाल्या. महादजींनी यातून घेतलेला धडा बंदुकीचा नव्हता, पगाराचा होता. डी बॉयनच्या नव्या कंपूला वेळेवर पगार मिळेल अशी सोय लावली गेली. १७९० मध्ये याच कंपूने पाटण जिंकलं. नंतर मेडत्याला राठोडांचे घोडेस्वार अंगावर आले, तेव्हा शिपाई चौकोन करून उभे राहिले आणि बार काढत राहिले. १७९३ ला लाखेरीला होळकरांशी लढताना दारूगोळ्याचे गाडे एकापाठोपाठ उडाले, तरी रांगा मोडल्या नाहीत. मराठे मराठ्यांशीच लढत होते, हे लिहिताना आजही बरं वाटत नाही.

१२ फेब्रुवारी १७९४ ला पुण्यात वानवडीला महादजी गेले. माझं ऑफिस तिथून जवळ आहे, लंच ब्रेकमध्ये मी कधीकधी शिंदे छत्रीत जाऊन बसतो. तिथे डोक्यात एकच विचार येतो: बंदूक, तोफ, दारूगोळा सगळं घरचं केलं, पण हुकूम देणारे अधिकारी बाहेरचेच राहिले. आमच्या धंद्यात याला व्हेंडर लॉक-इन म्हणतात.

डी बॉयन काही काळाने युरोपला परतला. दौलतरावांच्या काळात, १८०३ मध्ये इंग्रजांशी युद्ध पेटलं. कंपनी सरकारने शिंद्यांकडच्या इंग्रज अधिकाऱ्यांना नोकरी सोडण्याचा जाहीरनामा काढला आणि बरेच जण निघून गेले. डी बॉयनच्या जागी आलेला फ्रेंच सेनापती पेराँही सप्टेंबरमध्ये इंग्रजांच्या आश्रयाला गेला. त्याच महिन्याच्या २३ तारखेला असईची लढाई झाली. शिंद्यांच्या तोफांनी वेलस्लीच्या फौजेतली जवळजवळ सोळाशे माणसं मारली किंवा जखमी केली. तरी लढाई हरली, आणि ९८ तोफा इंग्रजांनी नेल्या.

असई आमच्यापासून लांब नाही. सेलूहून जालना, तिथून भोकरदनच्या बाजूला. भावाला या दिवाळीत बाईकवरून तिथे घेऊन जाणार आहे. फोन त्याने अजून ठरवलेला नाही.