रुडॉल्फ ऊलेनहाउट : चाकांचा कल ओळखणारा अभियंता

शर्यतीच्या गाडीचा दोष कागदावर नव्हे, तर वळणावर शोधणारा अभियंता म्हणजे रुडॉल्फ ऊलेनहाउट. जर्मन पिता व इंग्रज माता यांच्या या पुत्राचा जन्म १९०६ मध्ये लंडन येथे झाला. १९३१ मध्ये ते डाइमलर-बेन्झमध्ये रुजू झाले. १९३६ च्या मोसमात मर्सिडीजच्या गाड्या सातत्याने मागे पडू लागल्या, तेव्हा शर्यत विभागाची तांत्रिक धुरा तिशीतील ऊलेनहाउट यांच्याकडे आली. न्युर्बुर्गरिंगवर स्वतः गाडी पिटाळून त्यांनी सांगाड्यातील उणिवा हेरल्या. १९३७ मध्ये नव्या डब्ल्यू १२५ गाडीने रुडॉल्फ काराचिओला युरोपीय विजेते ठरले.

१९५४ च्या ३०० एसएल या देखण्या मोटारीत मात्र एक धोका दडलेला होता. भर वळणावर चालकाने एकाएकी वेग कमी केला की मागचा भाग उचलला जाई, चाके खालून आत दुमडत आणि रस्त्यावरील पकड सुटे. त्याच वर्षीच्या ग्रां प्री गाडीत मागच्या आसाचा सांधा खाली घेऊन चाकांच्या कलातील, म्हणजेच कॅम्बरमधील, बदल आटोक्यात आणला गेला होता. १९५७ च्या ३०० एसएल रोडस्टरमध्ये हाच उपाय सामान्य ग्राहकापर्यंत पोहोचला.

१९८९ मध्ये ऊलेनहाउट यांचे निधन झाले. गाडी खाली बसवून रुंद चाके लावणाऱ्या आजच्या हौशी मंडळींपुढेही तोच प्रश्न उभा राहतो. टायर कितीही रुंद असला, तरी वळणावर त्याचा जेवढा भाग रस्त्याला टेकतो, तेवढ्यावरच चालकाचा जीव तोललेला असतो.