शेंदुर्जनची ‘शीळ’

साखरखेर्डा आणि शेंदुर्जन ही सिंदखेडराजा तालुक्यातील दोन गावे. त्यांपैकी शेंदुर्जन येथे १९०९ साली कवी ना. घ. देशपांडे यांचा जन्म झाला. ऐन तारुण्यात लिहिलेली त्यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशी यांनी १९३० च्या दशकाच्या आरंभी ध्वनिमुद्रिकेवर गायिली आणि नाट्यपदांना सरावलेल्या महाराष्ट्राने ती डोक्यावर घेतली. रंगभूमीचा आधार नसलेली कविता तबकडीच्या तीन-साडेतीन मिनिटांत मावते व घरोघर पोचते, हे तिने दाखविले. मराठी भावगीताची वाट तेथून रुंद झाली.

गाणे गाजले, कवी मात्र मेहकरला वकिली करीत राहिला. त्यांचा पहिला संग्रह निघाला तो १९५४ साली. ‘खूणगाठी’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला १९८६ साली, आणि २००० साली त्यांचे निधन झाले. एवढ्या दीर्घ काव्यसाधनेला एकाच गीताच्या मापाने मोजणे हा अन्याय होय. पुण्या-मुंबईचा आश्रय न घेताही मराठी कविता मोठी होते, याचा हा पुरावा आहे. निदान बुलढाणा जिल्ह्यातील शाळांनी तरी त्यांचे संग्रह कपाटात कुलूपबंद न ठेवता मुलांच्या हाती द्यावेत.