फडेप्पा चौगुले: शरीराचं इंधन विज्ञानाला नीट कळण्याआधी ऑलिम्पिक मॅरेथॉन पळलेला बेळगावचा धावपटू

२२ ऑगस्ट १९२०. बेल्जियममधल्या अँटवर्प शहरात ऑलिम्पिक मॅरेथॉन सुरू होती. अंतर होतं ४२.७५ किलोमीटर. आजवरची सगळ्यात लांब ऑलिम्पिक मॅरेथॉन हीच. जालन्याहून पळत बदनापूर गाठायचं, परत यायचं आणि वर आणखी थोडं पळायचं, असा अंदाज धरा. पळणाऱ्यांत बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले होते.

चौगुले पुढे आले ते पुण्याच्या डेक्कन जिमखान्यामुळे. तिथल्या लांब पल्ल्याच्या शर्यतींत खेड्यापाड्यातली मुलं अनवाणी पळायची. त्यांचं पळणं पाहून जिमखान्याचे अध्यक्ष दोराबजी टाटा चकित झाले. भारताचा संघ ऑलिम्पिकला पाठवायचं त्यांनी मनावर घेतलं, काहींचा खर्च स्वतःच्या खिशातून केला. सदाशिव दातारही याच संघातून मॅरेथॉनला उतरले, पण त्यांना शर्यत पूर्ण करता आली नाही. चौगुलेंनी ती २ तास ५० मिनिटांत पूर्ण केली आणि १९ वा क्रमांक मिळवला. फिनलंडचे विजेते हान्नेस कोलेहमाइनेन त्यांच्यापेक्षा १८ मिनिटांनी पुढे होते.

आता इंधनाचं गणित बघू. ६० किलोच्या धावपटूला दर किलोमीटरला साधारण ६० कॅलरी लागतात, म्हणजे त्या शर्यतीला अडीच हजारांच्या वर. शरीरात साखरेचा साठा (ग्लायकोजेन) असतो साधारण २,००० कॅलरींचा. चरबी मात्र सडपातळ माणसाकडेही भरपूर असते. मग अडचण काय? चरबी जाळायला ऑक्सिजन जास्त लागतो आणि ती ऊर्जा सावकाश देते. वेग वाढला की शरीर साखरेकडे वळतं. साठा तिसाव्या-पस्तिसाव्या किलोमीटरच्या आसपास संपत आला की पाय जड होतात, वेग पडतो.

योगायोग म्हणजे त्याच १९२० साली कोपनहेगनच्या क्रोग आणि लिंडहार्ड या शास्त्रज्ञांनी प्रयोगातून दाखवलं, की तेवढंच काम करायला चरबीवर कर्बोदकांपेक्षा जास्त ऊर्जा खर्च होते. चौगुलेंच्या पिढीला याचा काय उपयोग? प्रशिक्षकाच्या हातात द्यावा असा सल्ला त्यातून निघायला अजून वेळ होता. १९२४ साली बॉस्टन मॅरेथॉनमध्ये तपासणी झाली, तेव्हा अगदी गळून गेलेल्या धावपटूंच्या रक्तातली साखर खूप उतरलेली आढळली. पुढच्या वर्षी काही धावपटूंना आधी कर्बोदकं भरपूर खायला लावली, वाटेत गोळ्या-चॉकलेटं दिली, आणि ते बरेच ताजेतवाने पोहोचले. चौगुलेंच्या शर्यतीला तेव्हा जेमतेम पाच वर्षं झाली होती.