न मागता आलेले आमंत्रण : कवी नारायण वामन टिळक

रत्नागिरी जिल्ह्यातील हेदवी या गावी समुद्रकाठच्या काळ्या कातळात बामणघळ नावाची एक अरुंद चीर आहे. भरतीच्या वेळी सागराचे पाणी तीत शिरून उंच उसळते. ते पाणी कातळाने आपल्या गुणांनी मिळविलेले नसते. ते आपण होऊन येते. परमेश्वराच्या कृपेचेही असेच आहे. प्रभू येशूच्या दृष्टांतांत उधळ्या पुत्रास पाहून बाप धावत सुटतो, मोठ्या जेवणास रस्त्यावरील दीनदुबळ्यांस बोलावणे जाते, आणि दिवस मावळता मळ्यात आलेल्या मजुरासही पुऱ्या दिवसाचा रोज मिळतो. याच जिल्ह्यात, वाशिष्ठीच्या खाडीपलीकडे जन्मलेल्या एका कवीच्या आयुष्यात हे दृष्टांत आम्हांस प्रत्यक्ष झालेले दिसतात.

नारायण वामन टिळक यांचा जन्म १८६१ साली दापोलीकडील करजगाव येथे ब्राह्मण कुळात झाला. बालपणीच ते आईला अंतरले. पुढे नाशिकास राहून त्यांनी संस्कृताचा व्यासंग केला व कवी म्हणून नाव मिळविले. १८९३ साली आगगाडीच्या प्रवासात एका अनोळखी गृहस्थाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. टिळकांनी तो मागितला नव्हता. परंतु वाचू लागल्यावर डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन जिंकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला.

देणगी फुकट होती, तथापि तिचा स्वीकार स्वस्त पडला नाही. आप्तेष्ट दुरावले. पत्नी लक्ष्मीबाई दुःखाने खचल्या आणि लहानग्या दत्तूस घेऊन काही वर्षे त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या. पुढे त्या नगरास आल्या, तेव्हाही त्यांचे सोवळे व स्वयंपाक निराळाच होता. टिळक स्वभावाने तापट. तरी पत्नीच्या धर्माच्या बाबतीत त्यांनी सक्ती केली नाही. आमंत्रण द्यावे, ओढून आणू नये, हे त्यांस उमगले होते. लक्ष्मीबाईंच्या मनातील जातिभेद हळूहळू त्यांच्या स्वतःच्या विचारानेच गळून पडला, व १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

टिळकांनी ख्रिस्ती उपासनेस मराठी अभंग व भजने दिली. त्यामुळे खेड्यातील भाविकासही देवाचे बोलावणे आपल्याच भाषेत ऐकू येऊ लागले. १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यास देवाचा दरबार स्थापिला. त्यात बाप्तिस्मा झालेल्या व न झालेल्या अशा दोहोंस सारखीच जागा होती. दृष्टांतातील त्या मोठ्या जेवणाचेच हे मराठी रूप नव्हे काय? ९ मे १९१९ रोजी मुंबईस त्यांचे देहावसान झाले. त्यांचे 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अपुरे राहिले होते. एके काळी त्यांच्या धर्मांतराने ज्यांचे हृदय विदीर्ण झाले, त्या लक्ष्मीबाईंनीच ते पुरे केले.

विद्यार्थिमित्रहो, परीक्षेतील गुण श्रमाने मिळवावे लागतात, आणि ते योग्यच आहे. परंतु आईबापांची माया आपण कोणत्या परीक्षेत मिळविली? जे आपणांस असे फुकट लाभले, त्याची फेड करणे शक्य नाही. ते दुसऱ्यास देणे मात्र शक्य आहे. आपल्या वर्गात कोणी एकटा बसत असेल, तर पहिले बोलावणे त्याला जावे, एवढेच आम्ही सुचवितो.