निकोलाउस लुडविग फॉन त्सिन्त्सेनडोर्फ

निकोलाउस लुडविग फॉन त्सिन्त्सेनडोर्फ (जन्म : ड्रेस्डेन, २६ मे १७००; मृत्यू : हेर्नहुट, ९ मे १७६०) हे जर्मनीतील सॅक्सनी प्रांताचे सरदार, ल्यूथरन धर्मोपदेशक, स्तोत्रकार आणि मोराव्हियन मंडळीचे बिशप होते. धर्मछळामुळे परागंदा झालेल्यांना त्यांनी आपल्या जहागिरीत आश्रय दिला. त्या वसाहतीतून परस्परांची आत्मिक व ऐहिक काळजी वाहणारी एक ख्रिस्ती मंडळी उभी राहिली.

पूर्वायुष्य

त्सिन्त्सेनडोर्फ अवघे सहा आठवड्यांचे असताना त्यांचे वडील वारले. आईने पुनर्विवाह केल्यावर त्यांचे संगोपन आजी हेन्रिएटे काथारिना फॉन गेर्सडोर्फ यांनी केले. आजीच्या घरी पायटिस्ट पंथाचे वातावरण होते. कोरड्या मतवादापेक्षा अंतःकरणातील भक्तीला व शुद्ध आचरणाला हा पंथ अधिक महत्त्व देत असे. १७१० ते १७१६ या काळात हाले येथील शाळेत शिकल्यानंतर त्यांनी विटेनबेर्ख येथे कायद्याचा अभ्यास केला. त्यांचा ओढा धर्मसेवेकडे होता. परंतु सरदारपुत्राने पाळक व्हावे हे घराण्याला रुचणारे नव्हते. त्यामुळे १७२१ मध्ये ते ड्रेस्डेन येथे सरकारी सेवेत रुजू झाले. पुढील वर्षी एर्डमूथे डोरोथेआ यांच्याशी त्यांचा विवाह झाला. वसाहतीचा आर्थिक व्यवहार अनेक वर्षे या पत्नीनेच सांभाळला. त्यांना बारा अपत्ये झाली. त्यांपैकी बहुतेक बालपणीच दगावली.

हेर्नहुटची स्थापना

यान हुस यांच्या अनुयायांतून १४५७ मध्ये बोहेमियात बंधुसंघ स्थापन झाला होता. सतराव्या शतकात त्याचा पाडाव झाल्यावर त्याचे उरलेसुरले अनुयायी मोराव्हियात लपूनछपून आपला धर्म पाळीत होते. १७२२ मध्ये क्रिस्टियान डेव्हिड या सुताराच्या पुढाकाराने त्यांपैकी काही कुटुंबे घरदार सोडून सॅक्सनीत आली. त्सिन्त्सेनडोर्फ यांनी त्यांना बेर्टेल्सडोर्फ येथील आपल्या जमिनीवर वसण्याची परवानगी दिली. १७ जून १७२२ रोजी पहिले झाड तोडून वसाहतीचा प्रारंभ झाला. तिला हेर्नहुट हे नाव मिळाले. प्रभूचे रक्षण असा त्याचा अर्थ आहे.

कलह आणि समेट

मोराव्हियन निर्वासितांच्या पाठोपाठ इतर पंथांचे लोकही हेर्नहुटला आले. उपासनेची पद्धत आणि ल्यूथरन चर्चशी असलेले नाते यांवरून त्यांच्यात तीव्र मतभेद झाले. छळातून एकत्र सुटून आलेली माणसे एकमेकांशी बोलेनाशी झाली आणि १७२७ पर्यंत वसाहत फुटण्याच्या बेतात आली. तेव्हा त्सिन्त्सेनडोर्फ ड्रेस्डेन सोडून हेर्नहुटला राहायला आले. घरोघर जाऊन त्यांनी प्रत्येकाची बाजू ऐकून घेतली. १२ मे १७२७ रोजी रहिवाशांनी सामायिक नियमांना संमती दिली व बारा वडील निवडले गेले. १३ ऑगस्ट रोजी बेर्टेल्सडोर्फच्या चर्चमध्ये सर्वांनी एकत्र प्रभुभोजन घेतले. मोराव्हियन मंडळी हा दिवस आपल्या पुनरुज्जीवनाचा दिवस मानते. त्याच महिन्यात चोवीस पुरुष व चोवीस स्त्रिया यांनी दिवसरात्र आळीपाळीने प्रार्थना करण्याचे व्रत घेतले. ही परंपरा सुमारे शंभर वर्षे चालली.

परस्परसेवेची व्यवस्था

हेर्नहुटमध्ये एकमेकांची काळजी घेणे केवळ सदिच्छेवर सोडलेले नव्हते. आजाऱ्यांची शुश्रूषा करणारे, गरजूंना मदत वाटणारे व कामकाजावर देखरेख ठेवणारे सेवक नेमलेले असत. मोजक्या व्यक्तींचे छोटे गट नियमितपणे एकत्र जमून आपले दोष, शंका व दुःखे मोकळेपणाने सांगत. वय व वैवाहिक स्थिती यांनुसार अविवाहित स्त्रिया, अविवाहित पुरुष, विवाहित, विधवा इत्यादींचे वेगळे संघ होते. स्त्रियांची आत्मिक देखभाल स्त्रियांकडेच असल्याने त्यांना त्या काळी दुर्मीळ असे नेतृत्वही लाभले. आना निट्शमान या शेतकरी कुटुंबातील मुलीची १७३० मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, चिठ्ठ्या टाकून प्रमुख वडीलपदी निवड झाली. दफनभूमीत सरदार व कारागीर यांच्या कबरींवर सारख्याच साध्या शिळा बसवण्याचा प्रघात पडला. दररोजच्या मननासाठी बायबलमधील वचन देण्याची प्रथा १७२८ मध्ये सुरू झाली. १७३१ पासून ही वचने दरवर्षी पुस्तकरूपाने प्रसिद्ध होत आहेत.

मिशनकार्य व हद्दपारी

१७३१ मध्ये कोपनहेगन येथे त्सिन्त्सेनडोर्फ यांची कॅरिबियनमधून आलेल्या आंटोन या गुलामाशी भेट झाली. त्याने सांगितलेल्या हकिकतीमुळे १७३२ मध्ये लेओनहार्ड डोबर हे कुंभार व डेव्हिड निट्शमान हे सुतार सेंट थॉमस बेटावर गेले. १७३९ मध्ये त्सिन्त्सेनडोर्फ स्वतः तेथे पोहोचले आणि कैदेत पडलेल्या मिशनऱ्यांची त्यांनी सुटका करवली. मात्र गुलामगिरीला त्यांनी विरोध केला नाही. उलट गुलामांना मालकांच्या आज्ञेत राहण्याचा उपदेश केला. सर्वांना बंधू मानणाऱ्या त्यांच्या शिकवणीतील ही विसंगती अभ्यासकांच्या टीकेचा विषय ठरली आहे.

१७३६ मध्ये सॅक्सनीच्या शासनाने त्यांना हद्दपार केले. १७३७ मध्ये बर्लिन येथे त्यांना बिशपपदाची दीक्षा मिळाली. १७४१ च्या नाताळच्या पूर्वसंध्येला पेनसिल्व्हेनियातील नव्या वसाहतीला त्यांच्या उपस्थितीत बेथलेहेम हे नाव देण्यात आले. १७४७ मध्ये हद्दपारीचा हुकूम मागे घेण्यात आला.

अखेरची वर्षे व वारसा

१७४० च्या दशकात हेर्नहाग येथील वसाहतीत भावनिक भक्तीचा अतिरेक झाला. त्यात त्यांचा मुलगा क्रिस्टियान रेनाटुस अग्रभागी होता. त्सिन्त्सेनडोर्फ यांनी त्याला परत बोलावले व चूक सुधारली. १७५२ मध्ये हा मुलगा आणि १७५६ मध्ये पत्नी मरण पावली. मंडळीच्या विस्तारामुळे कर्जाचा डोंगर वाढला होता. त्याची जबाबदारी त्यांनी स्वतःवर घेतली. १७५७ मध्ये त्यांनी आना निट्शमान यांच्याशी विवाह केला. त्सिन्त्सेनडोर्फ यांच्यानंतर दोनच आठवड्यांत त्याही निवर्तल्या.

मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनी १७३८ मध्ये हेर्नहुटला भेट दिली होती. त्यांच्या विचारांवर मोराव्हियन मंडळीचा प्रभाव पडला. त्सिन्त्सेनडोर्फ यांच्या निधनाच्या वर्षीच मोराव्हियन मिशनरी भारतात तरंगमबाडी येथे आले, तर १८८५ मध्ये लडाखमधील लेह येथे त्यांचे केंद्र सुरू झाले. लेहमधील मंडळी आजही कार्यरत आहे. २०२४ मध्ये हेर्नहुटचा युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांत समावेश झाला.