खंड्याचा धनी

साताऱ्याजवळ संगम माहुलीला कृष्णा आणि वेण्णा या नद्या एकमेकींना मिळतात. तेथे एका दगडी कुत्र्याचे शिल्प आहे. ही थोरल्या शाहू महाराजांच्या लाडक्या खंड्याची समाधी, असे परंपरेने सांगतात. महाराजांची समाधीही माहुलीलाच आहे. गेल्या वर्षी हे पाहिले आणि या राजाविषयी मिळेल ते वाचत सुटलो. त्याला कारण घडले होते. ते पुढे सांगतो.

शाहू महाराज हे संभाजी महाराज आणि येसूबाई यांचे पुत्र. जन्म १६८२ सालचा. १६८९ मध्ये मोगलांनी वडिलांना हाल हाल करून मारले. त्याच वर्षी रायगड पडला आणि सात वर्षांचे शाहू आईसह औरंगजेबाच्या छावणीत कैदी झाले. विटीदांडूच्या वयात आत गेलेले पोर पंचविशीचा तरुण होऊन बाहेर आले. बादशहाच्या मुलीने, झीनतउन्निसाने, त्यांना माया लावली. पण तंबूबाहेर पहारा होताच. १७०७ साली औरंगजेब वारल्यावर सुटका झाली, तीही आईला मागे ओलीस ठेवून. स्वराज्यात आले तर चुलती ताराबाईंनी त्यांना तोतया ठरवले. लढाई झाली. १७०८ मध्ये साताऱ्यास राज्याभिषेक झाला, मात्र येसूबाई परत यायला १७१९ साल उजाडले.

पुढे बाळाजी विश्वनाथ आणि बाजीराव यांच्यासारखी माणसे महाराजांनी निवडली आणि मराठी फौजा नर्मदेपार गेल्या. हा इतिहास आपण शाळेतच शिकलो. शिकलो नाही तो खंड्या. शिकारीत वाघापासून या कुत्र्याने धन्याचा जीव वाचवला, असे सांगतात. ग्रँट डफच्या १८२६ सालच्या इतिहासात आहे की, महाराजांनी कुत्र्याला जहागिरीची सनद आणि पालखीचा मान दिला. एकदा तर त्याला जरीवस्त्रे घालून आपली पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली. डफसाहेबाला यात बुद्धिभ्रम दिसला.

मला तसे वाटत नाही. ज्याला लहानपणापासून माणसे कैदी, ओलीस, वारस किंवा तोतया म्हणूनच ओळखत आली, त्याला असा एक जीव भेटला, की ज्याला गादी कुणाची याच्याशी कर्तव्य नव्हते. तो फक्त धनी ओळखत होता.

आता माझे कारण. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिलाच. कॉलेजात मी खेडवळ ठरलो आणि गावात साहेब. वडीलसुद्धा माझ्याशी जपून बोलू लागले. बदलला नाही तो वस्तीवरचा मोत्या. दर शनिवारी तो एसटीच्या थांब्यावर बाभळीखाली बसलेला असायचा. ऐन परीक्षेत तो गेला. अभ्यासात खंड नको म्हणून घरच्यांनी कळवले नाही. कळले तेव्हा वसतिगृहात मी रडलो आणि कुत्र्यासाठी रडतो म्हणून खोलीतली मुले हसली. माझे मलाच वाटले, आपले डोके तर फिरले नाही ना?

माहुलीच्या त्या दगडापाशी उभा राहिलो तेव्हा ही लाज गेली. मोत्याला समाधी नाही. पण थांब्यावर उतरलो की नजर अजून आधी बाभळीखाली जाते.